राखून ठेवलेलं वर्ष

१२ सप्टेंबर १९९३, रविवार

बियाण्याच्या कंपनीने जानेवारीत फुकट दिलेली डायरी आज उघडली. वर्षाचे आठ महिने कोरे गेले. पोरगा डॅरिन कॉलेजला गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, एवढंच आता लिहायचं कारण. नवऱ्याला बोलतं करायचं म्हणजे गंजलेला नट फिरवायचा. वर्ल दिवसभर धान्याच्या गोदामावर राबतो, घरी येऊन जेवतो, "बरं झालंय" म्हणतो आणि टीव्हीवरच्या बातम्यांसमोर घोरतो. मी सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवते. बसमध्ये चाळीस पोरं बडबडतात, पण माझ्याशी नाही.

पुराने निम्मं आयोवा राज्य धुऊन नेलं. आमच्याकडचे दोन पूल गेले, म्हणून माझा रस्ता अकरा मैलांनी वाढलाय.

संध्याकाळी डॅरिनचा फोन आला. सध्या नुसती वजनं उचलायला लावतात म्हणाला. सहा फूट तीन इंच उंची आणि वजन एकशे अठ्ठावन्न पौंड. वारा सुटला की दाराला धरून उभा राहा, असं मी त्याला लहानपणापासून सांगत आलेय. पण बास्केटबॉल हातात आला की हे काडीपैलवान पोरगं दुसऱ्याच कुणासारखं दिसतं. हे आई म्हणून नाही सांगत. मीसुद्धा शाळेत चार वर्षं खेळलेय, आमचा तो सहा-सहा मुलींचा खेळ. मी बचावाला असायचे. बचावाच्या आम्हा तिघींना मैदानाची मधली रेघ ओलांडायची परवानगी नव्हती. चार वर्षांत सामन्यात एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकलेला नाही मी. यंदा तो खेळही कायमचा बंद केला. केला ते बरं केलं, असं मी सगळ्यांना सांगते.

१७ ऑक्टोबर, रविवार

कोच प्रुइट येऊन गेले. नव्वद मैल गाडी चालवून, एकटे. गेल्या वर्षी डॅरिनला निवडायला आले तेव्हा ह्याच टेबलाशी बसून त्यांनी मी भाजलेला सफरचंदाचा ॲपल पाय दोनदा मागून घेतला होता. आज तिसऱ्यांदा मागितला. गेल्या वर्षी मी "मिसेस काडलेक" होते, आज "मार्लिस" झाले.

म्हणाले, डॅरिनला यंदा रेडशर्ट करावं असं मनात आहे. म्हणजे वर्षभर संघाबरोबर सराव करायचा, सामना मात्र एकही खेळायचा नाही. खेळायला मिळतात चारच वर्षं, आणि असं बाजूला बसलेलं वर्ष त्या चारांत धरत नाहीत. ते राखून राहतं. तेवढ्यात पोराच्या अंगावर मांस चढेल. आणि मुख्य गोष्ट, डॅरिनला औषधशास्त्र करायचंय, ते पाच वर्षांचं. खेळतोय तोवर त्याची फी कॉलेज भरणार. चार वर्षं खेळला की चार वर्षं शिकला. एक वर्ष राखलं, तर पाचवं आपसूक पदरात पडतं.

"निर्णय तुमचा आणि डॅरिनचा," कोच म्हणाले. "मला फक्त त्याचं भलं व्हायला हवंय. तो पांढरा कोट घालून दुकानात उभा राहील ना, मार्लिस, त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मी असेन. मी कुठे जात नाही."

मी कुठे जाताय म्हणून विचारलंही नव्हतं. माणूसच असा जिव्हाळ्याचा आहे. जाताना म्हणाले, डॅरिन माझ्यावर चिडलाय, तुमचं ऐकेल, तुम्हीच सांगून बघा. वर्लने त्यांच्याशी हात मिळवला आणि ते गेल्यावर एवढंच विचारलं, की हे सगळं त्याने लिहून का नाही दिलं? मी म्हटलं, अरे, माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? तू गोदामात धान्य तोलतोस म्हणून सगळं जग काट्यावर घालणार का?

६ नोव्हेंबर, शनिवार

डॅरिन जाड कोट न्यायला आला आणि आमची जुंपली. तो म्हणतो, संघातल्या सातव्या-आठव्या पोरापेक्षा मी चांगला खेळतो, मग बसू का? मी म्हटलं, बसायचं कारण पुढची पाच वर्षं. तो म्हणतो, मी खेळायला गेलोय. मी म्हटलं, तू शिकायला गेलायस, खेळ ही तुझी बस आहे. बस आवडली म्हणून कुणी उतरायचं विसरत नाही.

त्याचे डोळे भरले. अठरा वर्षांचा घोडा, पण डोळे भरले. ह्या काउंटीत शाळेचा सामना असला की पेट्रोल पंपसुद्धा बंद असतो. सगळा गाव ज्याच्यासाठी ओरडायचा, त्याने आता वर्षभर गप्प बसायचं. मला कळत नाही का? मला नाही कळणार तर कुणाला कळणार? पण मी हटले नाही. शब्द दे म्हटलं.

बराच वेळ फ्रिजला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "दिला. तू हो म्हटल्याशिवाय सामन्यात पाय ठेवणार नाही. आता खूश?"

खूश कसली. तो गेल्यावर भांडी आपटत बसले. पण बरोबर केलं, असं वाटतं. कोचना फोन करून सांगितलं. म्हणाले, मार्लिस, तुमच्यासारखी आई प्रत्येक पोराला हवी.

२५ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

टर्की कोरडी झाली. डॅरिन चार पौंडांनी वाढलाय. खेळाबद्दल कुणी बोललं नाही.

१८ डिसेंबर, शनिवार

आम्ही दोघं सामन्याला गेलो. डॅरिन बाकाच्या टोकाला टाय लावून बसला होता, बँकेतल्या कारकुनासारखा. सामन्यानंतर बाहेर जेवलो. तेव्हा त्याने त्याचं काम सांगितलं. दर आठवड्याला पुढच्या संघाचा जो सगळ्यात भारी खेळाडू, त्याची नक्कल डॅरिनने करायची. टेप बघायची, तो कसा वळतो, कुठून फेकतो ते शिकायचं आणि सरावात तो बनून आपल्याच पोरांना छळायचं. गेल्या आठवड्यात तो डावखुरा होता.

"दर आठवड्याला मी दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा असतो," म्हणाला. हसत म्हणाला. मी माझ्या ताटातले बटाटे त्याच्या ताटात सरकवले. टॉड ब्रँडेल म्हणून शेवटच्या वर्षाचा मुलगा आहे, संघाचा कणा. तो म्हणे सगळ्यांसमोर बोलला, की डॅरिनएवढा त्रास खऱ्या सामन्यात मला कुणी देत नाही. हे सांगताना डॅरिनचे कान लाल झाले.

८ जानेवारी १९९४, शनिवार

नवी डायरी, त्याच कंपनीची.

आज काय आनंद झाला! डॅरिन टाय लावून नव्हता, संघाच्या कपड्यांत होता. चौदा नंबर. सामन्याआधी सगळ्यांबरोबर धावला, फेकला. कोचनी मला नंतर गाठून सांगितलं, पोराला एकटं वाटू नये म्हणून कपडे घालायला लावले, खेळवणार नाही, काळजी नको. एवढा विचार कोण करतं हो? शिवाय आता नुसत्या नकला नाहीत, संघाच्या सगळ्या चाली त्याला पाठ करायला लावतात. पुढच्या वर्षाची तयारी आत्तापासून.

गाडीत वर्ल म्हणाला, "खेळवायचं नसेल तर कपडे कशाला?" मी म्हटलं, तुझ्या मनात किडेच फार. नव्वद मैल एकमेकांशी बोललो नाही. त्याला त्याचं काही वाटलं असेल असं नाही.

२९ जानेवारी, शनिवार

शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा कोचच्या बायकोकडे दिला. घराला नवा रंग लावतायत. ऐन हिवाळ्यात खोल्या रंगवायला काढल्या, म्हटलं हौशी आहेत. सामन्याला दक्षिणेतल्या कुठल्या तरी मोठ्या विद्यापीठाचे दोघं आले होते, सुटातले. कोच त्यांच्याशी बराच वेळ बोलत होते. टॉडला बघायला आले असतील. शेवटच्या वर्षाला असलेल्या पोराला बघायला कॉलेजवाले कशाला येतील, असं वर्ल म्हणाला. काय माहीत, म्हटलं.

संघ जिंकतोय. बावीस वर्षांत पहिल्यांदा साखळीतल्या पहिल्या नंबरचं बोलतायत.

२० फेब्रुवारी, रविवार

काल रात्री काही लिहवलं नाही. आज लिहिते.

कालचा सामना जिंकला असता तर पहिला नंबर पक्का होता. शेवटची चार मिनिटं उरली, आपण एका गुणाने मागे, आणि टॉड कोसळला. गुडघा. त्याची किंकाळी वरपर्यंत आली. पाच हजार माणसं, पण सुई पडली तर ऐकू आली असती. दोघांनी त्याला खांद्यावर घेऊन बाहेर नेलं, तेव्हा आपल्याकडे नेहमी राहतात तसे सगळे उभे राहिले, समोरच्या संघाचे लोकसुद्धा. टाळ्या थांबेनात. त्याची आई आमच्या खाली दोन रांगांवर असते, तिच्याकडे बघून मला रडूच फुटलं.

बसले, चष्मा पुसला, परत लावला. चौदा नंबर गुणलेखकाच्या टेबलापाशी गुडघ्यावर बसला होता. आत जायला.

मला आधी कळलंच नाही. वर्ल म्हणाला, "तो आपला आहे."

सेकंद जरी खेळला तरी वर्ष गेलं. राखलेलं सगळं गेलं. मी ओरडणार होते, पण शिट्टी झाली आणि तो आत होता.

खरं लिहायचं तर खरं लिहिते. त्याने पहिला पास दिला, दोघांच्या मधून, न बघता, तेव्हा अर्धा क्षण मला औषधशास्त्र आठवलं नाही. मग आठवलं. त्याने पाच गुण केले. आपण जिंकलो. लोक मैदानात उतरले, त्याला उचललं. मी खुर्चीवरून उठले नाही.

बाहेर बोळात कोच भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी त्याला विचारलं, मार्लिस, की आईला चालेल ना? तो उठलाच. मला वाटलं घरी तुमचं बोलणं झालंय. अशा वेळी पोराला मागे कसं ओढणार?" त्यांचेही डोळे ओले होते.

म्हणजे हा स्वतः उठला. फ्रिजला टेकून दिलेला शब्द, आणि गर्दीचा आवाज कानावर पडल्याबरोबर विसरला. तेवढ्यात तो आला, घामाने निथळत, दात काढत, म्हणाला, "आई, बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं. शब्द मोडताना बघितलं. माझ्याशी बोलू नकोस." त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. काहीतरी बोलणार होता, मी पाठ फिरवली. ज्याच्यासाठी जीव काढायचा त्यानेच तोंडघशी पाडायचं.

८ मार्च, मंगळवार

डॅरिनचा दोनदा फोन आला. वर्लने घेतला. मला विचारत होता म्हणे. मी बसचे टायर बघायला बाहेर गेले.

आता वर्ष गेलंच, म्हणून कोचनी उरलेले सगळे सामने त्याला खेळवलं. वर्ल एकटा जाऊन आला, शेवटच्या खेपेला बर्फातून. परत येऊन दारात बूट झटकत म्हणाला, "अकरा गुण." मी सूप गरम करत राहिले. सगळा गाव मला थांबवून अभिनंदन करतो. गोड हसते. आतून पेटते.

माझी चूक काय झाली? जास्त आवळलं का? कोच तरी काय करणार बिचारे, त्यांनी विचारलं तर होतं. आमचंच नाणं खोटं.

२४ मार्च, गुरुवार

वर्लने सकाळी वर्तमानपत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. कोच प्रुइट चालले. दक्षिणेतल्या त्याच मोठ्या विद्यापीठात. बोलणी जानेवारीपासून चालू होती, त्यांनी स्वतःच सांगितलंय, अभिमानाने. पहिला नंबर आला तर नेमणूक पक्की असं ठरलं होतं. घर विकायला काढलंय. म्हणून तो रंग. मी त्या रंगाच्या वासात उभी राहून वड्यांचा डबा दिला होता!

दुपारी टपालात पत्र. टाइप केलेलं, सगळ्या पालकांना एकच. "प्रिय मिसेस काडलेक." खाली सही, तीही छापलेली.

त्यांच्या जागी तात्पुरता नेमलेल्या नव्या कोचला फोन लावला. सभ्य वाटला. कागद बघून म्हणाला, डॅरिनचं वर्ष खेळलेलं धरलंय, आता तीन राहिली. पाचव्या वर्षाचं कोणी काय बोललं असेल ते मला बांधील नाही, बाई. लिहून काही दिलंय का?

नाही, म्हटलं.

केसाने गळा कापला मेल्याने. माझ्याच टेबलावर, माझाच ॲपल पाय खाऊन. आणि तरी डॅरिनवरचा राग जात नाही, उलट वाढतोय. तो माणूस परका. शब्द मला माझ्या पोराने दिला होता. तो त्या रात्री बाकावरून उठला नसता, तर कोच गेला असता, पण वर्ष आपल्यापाशी राहिलं असतं.

३ एप्रिल, रविवार, ईस्टर

वर्लने मला न विचारता काल जाऊन डॅरिनला आणलं. चर्चमध्ये आम्ही तिघं एका रांगेत, वर्ल मध्ये. घरी जेवताना नुसते काटे-चमचे वाजत होते. हॅम संपलं तशी वर्लने ताटं उचलली आणि म्हणाला, "आता बोला तुम्ही. भांडी मी घासतो." बावीस वर्षांच्या संसारात त्याने भांडी घासलेली नाहीत.

मी म्हटलं, मला काही बोलायचं नाही, ज्याने शब्द मोडला त्याने बोलावं.

डॅरिन म्हणाला, "कुठला शब्द मोडला? तू हो म्हणालीस की."

मला वाटलं, आता खोटंही बोलायला शिकला. "मी? कधी?"

"टॉड पडला तेव्हा." तो टेबलक्लॉथकडे बघत बोलत होता. "कोच माझ्यापाशी वाकला. जाशील का म्हणाला. मी म्हटलं, आईला शब्द दिलाय, ती हो म्हटल्याशिवाय नाही. तो म्हणाला, मग बघ ना वर, आई काय म्हणतेय. मी बघितलं. तू उभी होतीस, आई. टाळ्या वाजवत होतीस. रडत होतीस. मला वाटलं, तुला माझा खेळ बघायचाय. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. आणि बाहेर आलो तर तू म्हणतेस बोलू नकोस. मला वाटलं, तुला पस्तावा झाला आणि तू माझ्यावर ढकललंस. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, आईशीच बोल. तू फोनवरच येईनास."

नळ बंद झाला. वर्ल तिकडे पाठ करून उभा होता.

मी म्हटलं, "टॉडसाठी रे. टॉडला नेत होते म्हणून. सगळेच उभे होते, डॅरिन. पाच हजार माणसं उभी होती."

"मी सगळ्यांकडे नाही बघितलं. तुझ्याकडे बघितलं."

 त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "कोचपण टाळ्या वाजवत होता. माझ्याशी बोलताना. टॉडसाठी."

कोचला माहीत होतं. मी का उभी आहे हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्यात त्याने माझ्या पोराला वर बघायला सांगितलं. माझंच उभं राहणं उचललं आणि माझ्याच पोराच्या गळ्यात घातलं. नंतर बोळात येऊन डोळ्यांत पाणी आणून मला सांगितलं, तो उठलाच. ते दोन शब्द खोटे नव्हते, बाकी सगळं रचलेलं.

मी उठून डॅरिनजवळ गेले. चुकलं माझं, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. त्या गोडबोल्याचं खरं मानलं आणि तुला खोटं धरलं. रागावलास तर रागाव.

तो रागावला नाही. माझा हात त्याने झटकला नाही, धरलाही नाही.

"सहा आठवडे, आई," तो म्हणाला. "एकदा विचारायचं होतंस."

मग तो वर्लजवळ जाऊन भांडी पुसायला लागला. मी टेबलाशीच बसून राहिले. त्याचं खरं आहे. कोचचं म्हणणं मी बोळात दोन मिनिटं उभी राहून ऐकून घेतलं होतं. त्याला मी विचारलंच नाही.